शिवणाची हौस

मोठ्या दुकानातलं कापडाचं काउंटर गेलं होतं. तिथं आता तयार ड्रेस लटकत होते. लेकीला घेऊन आलेली ती रिकाम्या पिशवीशी चाळा करत तिथंच घुटमळली.

"कापड ठेवणं बंद केलं मालकांनी, काकू," नेहमीचा विक्रेता म्हणाला. "घरी शिवायची हौस आता आहे कुणाला? ताईंचं माप सांगा, हवा तो ड्रेस काढून देतो."

"कुठल्या खांद्याचं सांगू?" तिनं हळूच विचारलं. "डावा दोन बोटं खाली आहे हिचा."

त्यानं लेकीकडे निरखून पाहिलं. घरी शिवलेल्या ड्रेसचे दोन्ही खांदे अगदी एका रेषेत होते.

"इतकी वर्षं येताय, पण कधी दिसलं नाही."

"दिसू नये म्हणूनच शिवत आले रे," ती म्हणाली. "आता दिसेल."