अप्पांची रायफल

अप्पा गेले तेव्हा त्यांची शिकारीची रायफल धाकट्या वीरेशला मिळाली, आणि तेव्हापासून ती थोरल्या मडिवाळप्पाच्या डोळ्यांत सलत होती. बारा दसरे वीरेशनं तिला हळद-कुंकू वाहिलं, बारा वेळा याचा जीव जळला. आता वीरेश ती विकायला कलबुर्गीच्या बंदूकवाल्याकडं निघाला, तर कितीला जाते ते तरी बघावं म्हणून हाही आळंदहून सोबत आला.

म्हाताऱ्या दुकानदारानं रायफल उघडली, उजेडात धरली. "नळी झकास हाय, लाकूडबी चांगलं. पण आतली पिन कुणीतरी काढून ठेवलीय. पिन न्हाई तर ही नुसती काठी. भंगाराचा भाव येईल."

मडिवाळप्पाला मनातून गारगार वाटलं.

"जुनी माणसं असंच करायची," दुकानदार वीरेशला म्हणाला. "तापट पोराची हौस म्हणून बंदूक त्याच्या हातात द्यायची, अन् पिन द्यायची ज्याच्यावर भरवसा त्याला. वीतभर लोखंडी सळई असते. घरातच कुठंतरी असंल, बघा."

वीरेशनं भावाकडं पाहिलं. "अण्णा, अप्पांनी जाताना तुला काही दिलं व्हतं का?"

"मला कशाला देतील? सगळं तुलाच तर देऊन गेले," मडिवाळप्पा बोलून गेला. बारा वर्षांत तोंडाला सवयच लागली होती.

अप्पांनी 'जपून ठेव' म्हणत त्याच्या मुठीत दिलेली सळई तेवढीच वर्षं त्याच्या गोठ्याच्या कोयंड्यात अडकवलेली होती.