कन्या राशीची कोरी जागा

शेषराव जोशींचं राशिभविष्य वाचल्याशिवाय वऱ्हाडात कोणी सोयरीक जुळवत नसे. स्वतः शेषराव मात्र वीस वर्षं लिहून थकले होते. हल्ली जुनाच मजकूर ठेवून ते मलकापूरच्या छापखान्यात दर आठवड्याला नुसती राशींची अदलाबदल करायला सांगत.

त्या गुरुवारी कच्च्या छाप्यात कन्या राशीखाली जागा कोरी आली.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जहांगीरने शाई लावून पुन्हा छापलं. कोरंच. कन्येचा मजकूर तुळेखाली नेला, तिथं तो ठळक उमटला. तुळेचा कन्येखाली आणला, तो उमटेना.

"पंडितजी, आता तरी नवं लिवा. शिशाचे खिळेबी कंटाळले," जहांगीर हसला. "कोनाची रास हाय ही?"

"घरची."

त्यांची बायको वच्छलाबाई महिनाभर तापाने अंथरुणावर होत्या, तरी पहिला छापा त्यांनाच लागे. शेषरावांनी घरी येऊन कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावला. कोऱ्या जागेवर बोट ठेवून, ओठ हलवत, त्या ओळीमागून ओळ वाचत गेल्या. शेवटी बोट थांबलं.

कागदाची घडी करत त्यांनी विचारलं, "अहो, मले आधी काऊन नाही सांगितलं?"