मदतनीस क्रमांक नऊ

"दोनदा नापास झालात, काका. तिसऱ्यांदा झालात तर हे टेबल गेलं," प्रशिक्षणाच्या बाई म्हणाल्या. "तळघरात जुन्या फायली झाडत बसाल."

"बरं," काका म्हणाले.

नोंदणी कार्यालयातलं सगळं काम आता मोबाईलवर येणार होतं. त्यासाठी सरकारने शिकवणीचं एक ॲप दिलं होतं. बारा धडे आणि शेवटी परीक्षा. अडलं तर प्रश्न लिहून पाठवायचा. प्रत्येकाला एक मदतनीस नेमून दिलेला, कुठल्या तरी लांबच्या शहरात बसलेला. त्याला आपलं नाव आणि परीक्षेतली उत्तरं दिसायची; आपल्याला त्याचं नाव कळायचं नाही, नुसता नंबर. पास झालात की मदतीची खिडकी बंद.

पंधरा दिवसांत सगळं कार्यालय पास झालं. शिपाईसुद्धा. काका मात्र तीन महिने, दोनदा परीक्षा देऊनही, चौथ्या धड्यातच घुटमळत होते. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून लिहायचे, "अर्ज पाठवायचं बटण सापडत नाही."

नऊ नंबरकडून उत्तर यायचं, "खाली उजवीकडे. बोट हलकं, मान सरळ. पुन्हा करा."

काका ते चार वेळा वाचायचे, मग डबा उघडायचे.

गंमत म्हणजे शिपायाचा सातवा धडा अडकला तेव्हा काकांनीच तो येता-जाता सोडवून दिला होता. पण ते कोण लक्षात ठेवतो? माणूस एकदा ढ ठरला की ठरला.

"मुलीला विचारा की," शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाई म्हणाल्या. "आमची पोरं तर झोपेतही मोबाईल चालवतात."

"ती माझा फोन उचलत नाही." काकांनी चष्मा पुसला. चार वर्षांपूर्वी ते हट्टाने तिच्या लग्नाला गेले नव्हते. तेव्हापासून तिची आठवण आली नाही असा एक दिवस गेला नव्हता.

शुक्रवारी परीक्षा सुरू झाली. बाई शेजारी येऊन बसल्या.

"अहो, चौतीस वर्षं टाईपरायटर बडवलात तुम्ही. आणि एक बटण सापडत नाही?"

"पालथ्या घड्यावर पाणी, बाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांना काकांची काळजी वाटत होती.

वीस प्रश्न होते, पास व्हायला दहा बरोबर हवे होते. एकोणीस प्रश्न संपले तेव्हा काकांचे नऊ बरोबर होते. मागच्या दोन्ही वेळी नऊच होते.

शेवटचा प्रश्न आला. अर्ज पाठवायचं बटण कुठे असतं? काकांचं बोट 'वर डावीकडे' या उत्तरावर जाऊन थांबलं.

तेवढ्यात, काही न विचारताच, नऊ नंबरचा निरोप आला.

"टायपिंग शिकवताना तुम्हीच म्हणायचात, बोट हलकं, मान सरळ. म्हणून तर मी ते पहिल्या दिवसापासून लिहीत होते. आता पास व्हा आणि फोन करा. उचलीन, बाबा."