मी उभी आहे, कारण

“मी या निवडणुकीला उभी आहे, कारण—”

इथे वकीलबाई थांबल्या. दिराने मोबाइल खाली केला. पहिलाच प्रयत्न आहे, होतं असं, म्हणाला. कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणारी आपली वहिनी एका शिंप्याच्या खोलीत अडखळते, याची त्याला गंमत वाटत होती.

खोली त्यानेच निवडली होती. पुढे शिलाई मशीन, मागे पडदा, पडद्यामागे टेलरमास्तर आणि त्यांच्या बायकोचा सगळा संसार. महिनाअखेर ती सोडायची होती. जागामालक केस जिंकला होता, वरच्या कोर्टातही. वकीलबाई ही केस वर्षानुवर्षं फुकट लढल्या, हरल्या, आणि त्या हरण्यातून त्यांनी ठरवलं की आता विधानसभेत जाऊन कायदाच बदलायचा. व्हिडिओत एवढंच सांगायचं होतं. जिंकलेल्या केसपेक्षा हरलेली केस लोकांच्या काळजाला जास्त भिडते, असा दिराचा होरा होता.

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात टेप अडकवून तयार बसले होते. त्यांची बायको मशीनवरची धूळ पुसत होती. धूळ नव्हतीच.

दुसऱ्यांदा.

“मी उभी आहे, कारण आपल्या मास्तरांसारख्या माणसांच्या डोक्यावरचं छप्पर—”

मास्तरांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की कायदा बदलला तर आपली खोली राहील का. वकीलबाईंनी सांगितलं, की निकाल लागलेल्या केसला नवा कायदा लागू होत नाही. तो पुढच्या भाडेकरूंसाठी.

“म्हणजे आमच्यानंतरच्यांना,” मास्तर म्हणाले. “बरंय की. कुणाला तरी.”

टोमणा असता तर वकीलबाईंनी तो सोसला असता. पण मास्तर मनापासून बोलले होते.

“अहो, शूटिंग चाललंय,” बायको म्हणाली. “बाई निवडून आल्या की तिकडे जाऊन करा हात वर.”

सगळे हसले. वकीलबाईही हसल्या, जरा उशिरा.

तिसऱ्यांदा बोलायची पाळी मास्तरांच्या बायकोची. दिराने त्यांना मनात येईल ते दोन शब्द बोला म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांनी ते आदल्या दिवशीच पाठ करून ठेवले होते. बाईंनी आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. पोटची मुलगी असती तरी तिनं एवढं केलं नसतं. दिराने मोबाइलकडे बघून पुन्हा बोलायला सांगितलं, तर त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि या वेळी त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही वेळा वकीलबाई फरशीकडे बघत होत्या. केवढी नम्र बाई, अशा समजुतीने दिराने तेही टिपून घेतलं.

चौथ्यांदा.

“मी उभी आहे, कारण—”

पंखा फिरत होता. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. सुरू होत नव्हती.

दीर स्टुलावर टेकला. मिळमिळीत होतंय वहिनी, म्हणाला. यात लढाई दिसायला पाहिजे, तुमचा कणा दिसायला पाहिजे. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

“वहिनी, ते घाला की. गेल्या वर्षी जेवताना सांगितलं होतंत ते. मालकाचा वकील कोर्टातल्या बाररूममध्ये चहा पिता पिता म्हणाला, इथे नवी इमारत होईल तिच्यात मास्तरांना मागची एक खोली देतो, मिटवून टाकू. आणि तुम्ही तिथल्या तिथे उडवून लावलंत त्याला. तडजोड नको, निकालच हवा, सगळ्या गल्लीच्या उपयोगी पडेल असा. एकदम बाणेदार वाटेल.”

मोबाइल चालूच होता.

अर्ध्या कप चहाचं बोलणं होतं ते. नको म्हणायला कितीसा वेळ लागतो. मास्तरांना संध्याकाळी विचारू, असं वकीलबाईंनी ठरवलं होतं. संध्याकाळी भाडेकरूंची सभा होती, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता विचारायचं काय राहिलंय. मग साक्षी सुरू झाल्या.

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि बोटांभोवती गुंडाळायला घेतला. गुंडाळून झाल्यावर सोडला आणि पुन्हा गुंडाळू लागले.

दिराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. “यांना माहीत नव्हतं?” त्याने हळूच विचारलं. त्याने मोबाइल खिशात घातला, तसाच चालू.

“काकू,” वकीलबाई म्हणाल्या.

मास्तरांच्या बायकोने मशीनच्या कडेला हात टेकला आणि त्या सावकाश खाली बसल्या. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. नव्या घराची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, “खिडकी होती का हो त्या खोलीला?”

वकीलबाईंनी ते विचारलंच नव्हतं.