पिस्ता की कॉफी

"पिस्ताच घेऊ," करिष्मा म्हणाली. "एकच तर खिडकी आहे. तीही काळी करून टाकायची?"

"कॉफी कलर घे," किशन म्हणाला. "रस्त्यावरचा येणारा-जाणारा आत बघतो."

"तिसऱ्या मजल्यावर?"

टेमघरमधली ही वन रूम किचन घेऊन वर्ष होत आलं, तरी खिडकीला अजून जुनी ओढणीच बांधलेली होती. म्हणून करिष्माने पडद्यांच्या दुकानातून दौलतला बोलावून घेतलं होतं. तो पलंगावर ब्लाइंड्सचा कॅटलॉग उघडून बसला होता. लाइट गेलेली, पंखा बंद. तिघंही घामाघूम.

"वहिनी, पिस्ता दिसतो मस्त, पण ही भिवंडीची धूळ आहे," दौलत म्हणाला. "थोड्या दिवसांत त्याचापण कॉफीच होतो. आधी माप घेऊ. दादा, टेप पकडा जरा."

किशनने टेपचं टोक धरलं. दौलत डबी घेऊन मागे सरकला आणि भिंतीपाशी थांबला. भिंतीवर चंदनाचा हार घातलेला एका बाईचा फोटो होता. हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, एका भुवईवर जुनी खोक.

"अरे देवा! मंगळीकाकी गेल्या? कधी?"

करिष्मा हसली. "तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी समजताय. या माझ्या सासूबाई. हे लहान होते तेव्हाच गेल्या."

"नाही हो वहिनी." दौलत फोटोच्या जवळ गेला. "आमच्या शेलार गावच्या नाक्यावर बसतात या. पाड्यावरून टोपली घेऊन येतात. परवाच मी यांच्याकडून शेवळाची रानभाजी घेतली. केस तेवढे पिकलेत आता, बाकी याच."

"एकसारखी दिसतात माणसं," करिष्मा म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं.

टेपचं टोक किशनच्या हातातून सुटलं. पत्र्याची पट्टी सळसळत दौलतच्या डबीत शिरली.

तो फोटो करिष्मानेच लावला होता. किशनच्या ट्रंकेत तळाशी छोटासा सापडला, तो तिने त्याला न सांगता स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. किशन ड्युटीवरून आला आणि फोटोसमोर कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. आई आठवली असेल, असं वाटून तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली होती.

"किशन, बोल ना काहीतरी."

"आई आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"आहे म्हणजे?"

"जिवंत आहे. आम्ही पाड्यावरचे, करिष्मा. आदिवासी. लग्नात मामा म्हणून उभे राहिले ते आमच्या गोडाऊनचे मुकादम. खरं सांगितलं असतं तर तुझ्या बाबांनी मुलगी दिली असती मला?"

तिच्या कानांत कढत काहीतरी ओतल्यासारखं झालं. तो पुढेही काही बोलत होता, ते तिला ऐकू येईना. डोळ्यांसमोर बिल्डिंगची गच्ची आली.

"मी पितृपक्षात त्यांचं पान ठेवलं," ती म्हणाली. "कावळा शिवेना म्हणून रडले मी. तू शेजारी उभा होतास."

"हो."

"हात जोडून 'आई, जेव' म्हणालास तू! माझ्यादेखत!"

किशन भिंतीला टेकून खाली बसला. "तिनेच सांगितलं होतं," तो पुटपुटला. "लग्न ठरत होतं तेव्हा म्हणाली, सांग त्यांना, आई मेली म्हणून. मी लांबून बघत जाईन तुला."

दौलतने कॅटलॉग मिटला. "मी उद्या येतो, वहिनी."

"थांबा."

स्टुलावर चढून करिष्माने फोटो उतरवला. हार काढला आणि तो कुठे ठेवायचा तेच तिला कळेना. काचेवरचं गंध ती अंगावरच्या ओढणीने पुसायला लागली. ते निघायच्या ऐवजी पसरलं. फोटो तिने पलंगावर ठेवला, हार त्याच्या शेजारी, मग घाईने हार उचलून दूर सारला.

"आत्ता असतील नाक्यावर?"

"दुपारपर्यंत असतात," दौलत म्हणाला.

"मग रिक्षा थांबवा. मला दाखवा."

किशन त्यांच्या मागोमाग जिना उतरला. तिघंही रिक्षात बसले.

शेलारच्या नाक्यावर कंटेनरांची रांग लागली होती. टपरीच्या सावलीत काही बायका भाजी घेऊन बसल्या होत्या. दौलतने कडेच्या म्हातारीकडे बोट दाखवलं आणि तो मागेच थांबला. करिष्मा जाऊन तिच्यासमोर उकिडवी बसली. डोळे किशनचेच होते.

"घे गो बाय, ताजी हाय," मंगळी म्हणाली. "आजच सकालची काढलीय."

करिष्माने हात पुढे केला. मंगळीने शेवळाची जुडी उचलली आणि तिची नजर करिष्माच्या खांद्यावरून मागे गेली. रस्त्यापलीकडे, रिक्षाला धरून, किशन उभा होता. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. मग करिष्माच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं. हातातली जुडी टोपलीत पडली. तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

"मी न्हाय वलखत त्या मानसाला," ती घाईघाईने म्हणाली. "देवाशपथ, बाय. माजा कोन न्हाय तो."