दरीने दिलेली ओ

अकोल्याच्या ललितला रविवारचं चिखलदरा मुळीच सोसत नसे. बायकोच्या, संध्याच्या हट्टापायी तो आला आणि घाटातच दोन तास गाड्यांच्या रांगेत अडकला.

दरीच्या कठड्याशी पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आपलं नाव ओरडून प्रतिध्वनी ऐकत होता.

"कायले बोंबलून राहिले बे सगळे?" ललित खेकसला. "चाल संध्या, घरी जाऊ."

"एक डाव मले ओरडू द्या." त्याचा हात धरून संध्याने दरीत हाक मारली, "अहो!"

हाक परत आली नाही. बऱ्याच वेळाने खालून ललितच्याच आवाजात उत्तर आलं, "आलो, संध्या. थांब."

ललितने तोंडही उघडलं नव्हतं.

संध्याने दरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिने हात सोडवून घेतला.

"मंग तुमी कोन?"