प्रॅक्टिकलची पँट

तिसरी पँट चादरीआड गेली आणि आबासाहेबांनी रस्त्याकडे तोंड करून पुन्हा मांडी घातली.

हबीबभाईंच्या दुकानात कपडे घालून बघायला वेगळी खोली नव्हती. मागे गठ्ठे ठेवायची कोठी होती, तिच्या दाराला त्यांनी चादर बांधून दिली होती. आत आबासाहेबांची लेक कस्तुरा आणि आबासाहेबांची धाकटी बहीण धुरपताबाई. भाऊ-बहीण सकाळच्या एसटीनं झरीहून आले होते. कस्तुरा कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहातून.

सोमवारी कस्तुराला ट्रॅक्टर चालवायचा होता. सरांनी मुलींना बजावलं होतं की ओढणी नको, घोळ नको, पँट घालून या. प्रॅक्टिकल बुडालं तर वर्ष बुडालं. ट्रॅक्टरला आबासाहेबांची ना नव्हती. पँटीला होती. बराच विचार करून त्यांनी एक अट घातली होती. जे घालून देवापुढं बसता येईल, कीर्तनाला जाता येईल, तेच घ्यायचं. तसं मिळालं नाही तर लेकीनं ट्रंक उचलून गावी यायचं. हे ते आवाज न चढवता बोलले होते, म्हणजे ते मागं घेणार नव्हते.

कस्तुरा आत्याच्या वळणाची. कंबर बारीक, खाली ऐसपैस. पहिली पँट सरळ कटाची होती. मांड्यांत नीट बसली, पण कमरेला मागून उघडी पडली. धुरपताबाईंनी त्या फटीत अख्खा हात घातला आणि इथं शेरभर ज्वारी मावंल म्हणाल्या. दुसरी वरपासून खालपर्यंत आवळलेली. आरशात बघून कस्तुराचा चेहरा खुलला. मग आत्यानं तिला खुरपायला बसल्यासारखं बसायला सांगितलं. ती निम्म्यात गेली आणि तिथंच अडकली, ना खाली ना वर. आतून दोघींचं हसू बाहेर आलं तेव्हा आबासाहेब खाकरले.

तिसरी बॅगी होती. पट्टा बेंबीच्या वर, कमरेला चुण्या, मांड्यांत मोकळीढाकळी. कस्तुराचं तोंड उतरलं. हिच्यात मी अजूनच जाड दिसायलेय म्हणाली. वसतिगृहातल्या साऱ्याजणी ती दुसरीच घालतात.

कीर्तनात बुवा एकच चरण धरून बसतात, काही केल्या पुढं सरकत नाहीत, तशा धुरपताबाई त्या पट्ट्यापाशी अडल्या होत्या. त्यांनी तो दोन्ही हातांनी वर ओढला, आपलं लुगडं जिथं खोचलं होतं तिथवर आणला, आणि बटण लावलं. बोट घालून पाहिलं. जेमतेम शिरलं.

"आरसा उभ्या माणसाचाच असतो, माय," त्या म्हणाल्या. "तुला काय ट्रॅक्टरवर उभं राह्यचंय?"

मग परीक्षा सुरू झाली. कस्तुरा उकिडवी बसली. मांडी घालून बसली. धुरपताबाईंनी तर हळू आवाजात गजर धरला आणि तिला टाळ्या वाजवायला लावल्या, कारण कीर्तन म्हटलं की हात वर जाणारच. पँट जागची हलली नाही. शेवटी तिनं जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केला. आत्या मागं जाऊन वाकून बघून आल्या. पाठ कुठंच उघडी पडली नव्हती.

"हबीबभाई, ही," त्यांनी चादरीआडूनच सांगितलं.

हबीबभाई म्हणाले, मला काय, मालकांना विचारा. मालक म्हणजे आबासाहेब, ते रस्त्यावरची सायकल रिक्षा बघत होते.

"दादा, फिर इकडं."

"तू बघितलंस न्हवं?"

"मी बघून काय करू? बाप तू हायस."

चादर सरकली. कस्तुरा बाहेर आली. अंगात मैत्रिणीचा शर्ट, ओढणी नाही, हातांचं काय करावं ते तिला कळेना. आबासाहेब उठून वळले खरे, पण नजर फरशीवर. त्यांना फक्त निळ्या कापडातून बाहेर डोकावणारी लेकीच्या पायांची बोटं दिसली.

गावी पोचल्यावर उंबऱ्यात करायची तेच कस्तुरानं केलं. पुढं झाली आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

आबासाहेब माळकरी माणूस. समोरचा वाकला की आपणही त्याच्या पायाला लागायचं, लहान-थोर बघायचं नाही, हे वर्षानुवर्षं कीर्तनात बसून त्यांच्या हाडांत उतरलेलं. ती सरळ झाली आणि मनात काही यायच्या आत ते वाकले. लेकीच्या पायाला हात लागला तेव्हा आपण कुणापुढं आणि कशापुढं वाकलोय ते त्यांच्या ध्यानात आलं.

हबीबभाईंच्या हातातली मापाची टेप तशीच राहिली. कस्तुरा मागं सरकायला गेली. धुरपताबाईंनी तिला खांद्याला धरून थांबवलं.

आबासाहेब उठले नाहीत. पँटीचं कापड टाचेखाली येऊन फरशीला लागत होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं. एक घडी घातली, बोटांनी मापली, पुन्हा सोडून नीट घातली. मग दुसऱ्या पायाचं.

"हबीबभाई," ते खालूनच म्हणाले, "हे लांब होतंय. पायात येऊन ब्रेक चुकंल तिचा. दोन बोटं आत घ्या."